पोराच्या ड्रमसेटचा क्रॅश ताटासारखा का वाजतो?

हळदपेठ

नमस्कार मंडळी. सांगलीत हळदीचा व्यापार करतो. संगीतातलं मला आरतीपलीकडं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोरगा नववीत आहे. दोन वर्षं शाळेच्या बँडपथकात साइड ड्रम वाजवला आणि आता ड्रमसेटचं खूळ डोक्यात बसलंय. गेल्या महिन्यात तासगावकडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना सेट स्वस्तात मिळाला. ढोलांची पानं नवी बसवली, ते ठीक वाजतायत. घोटाळा झांजांचा आहे.

सेटबरोबर चार झांजा आल्या. दोन एकमेकींवर बसणाऱ्या, पायानं उघडमीट होणाऱ्या. एक मध्यम, एक मोठी. मध्यम झांजेवर काठी मारली की जेवणाचं ताट मोरीत पडल्यासारखा आवाज येतो. पायाच्या जोडीतून 'च्यॅक' यायला पाहिजे म्हणे, येतं 'फुस्स'. मोठी त्यातल्या त्यात बरी, पण ती वाजली की बायको स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि नुसती बघत उभी राहते.

पुण्यातल्या एका दुकानात फोन केला. त्यानं पहिल्या मिनिटातच सांगितलं, "काका, सगळा पॅक बदला. हायहॅट, दोन क्रॅश, राइड, स्प्लॅश, चायना." आकडा ऐकून मी फोन ठेवला. तेवढ्यात जुनी बरी मोटारसायकल येते.

तर, या सगळ्या प्रकारांत फरक काय? नववीतल्या पोराला त्यातल्या किती लागतात? आणि माझी ताटासारखी का वाजते?

मागचीरांग

भाऊ, माझं वय ६४. ऑर्केस्ट्रात वीस-बावीस वर्षं ड्रमसेट वाजवला. आमच्या वेळी त्याला 'जॅझ' म्हणायचे. "आज जॅझवर कोण?" असं विचारायचे, वाजवायची मात्र हिंदी-मराठी गाणी. मग ऑक्टापॅड आला, काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडांचा. रोलंडचा पहिला १९८५ चा, आमच्या भागात पोचायला आणखी काही वर्षं गेली. पण पोचला तो असा की ज्या सामानाला टेम्पो लागायचा ते एका पिशवीत मावायला लागलं. सेट माळ्यावर गेले, आम्ही घरी गेलो. तुमचा सेट अशाच एखाद्या माळ्यावरून उतरलेला दिसतो.

आता झांजा. दुकानदारानं पाच नावं सांगितली. कामाच्या तीनच.

पायाची जोडी म्हणजे हायहॅट. बहुतेक १४ इंची. सेटमधली ही सगळ्यात बोलकी वस्तू. मिटून काठीनं वाजवली की 'टिक टिक', अर्धी उघडली की 'श्श्श', नुसत्या पायानं मिटली की 'च्यॅक'. तबल्यात बायाँ जसा दाबून बोलतो तसं हे पायानं बोलणं आहे. सुरुवातीला, म्हणजे १९२० च्या दशकात, ही जोडी जमिनीलगत असायची, पायाशीच. तिला लो-बॉय म्हणायचे. पुढं दांडी वाढवून ती काठीच्या टप्प्यात आणली. अमेरिकेत काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्स या ड्रमरनं १९३० च्या दशकात गाण्याची लय या हॅटवर आणली, आणि १९४० च्या सुमारास केनी क्लार्क या दुसऱ्या ड्रमरनं ती तिथून उचलून मोठ्या झांजेवर नेली. त्याआधी लय धरायचं काम मुख्यतः पायातल्या मोठ्या ढोलाचं.

ती मोठी झांज म्हणजे राइड. २० किंवा २२ इंची, अंगानं जाड. काठीच्या टोकानं वाजवायची. प्रत्येक ठोका 'टिंग' असा सुटा ऐकू आला पाहिजे, त्यामागं बारीक गुंजन राहिलं तर चालतं. मधल्या उंचवट्यावर, म्हणजे वाटीवर, मारलं की घंटेसारखा आवाज येतो. वहिनी बाहेर येतात म्हणजे चिरंजीव राइडवर काठीच्या टोकानं न मारता काठी आडवी करून कडेवर घालत असणार. राइडला तसं मारायचं नसतं. मारलं तर ती गरजते, आणि गरजली की लवकर थांबत नाही.

क्रॅश पातळ. १६ किंवा १८ इंची. एकदा फुटायचं आणि विरून जायचं, एवढंच तिचं काम. अंतरा संपून ध्रुवपदावर येताना समेला जी फुटते ती. ताटासारखी वाजायची कारणं तीन असू शकतात: धातू हलका, वरचा नट आवळून बसवलेला, नाहीतर तडा. खालील गोष्टी बघून सांगा. झांजेवर काही लिहिलंय का? व्यास किती? नटाखाली वर-खाली लोकरीच्या चकत्या आहेत का? कडेला बोट फिरवल्यावर कुठं नख अडकतं का?

तोवर एक पैसा खर्चू नका.

दुहेरीपेडल_साताराकर

मागचीरांग काकांना दंडवत, पण "कामाच्या तीनच" हे मी मानायला तयार नाही. आमच्या पवई नाक्यावरच्या खोलीत चौघांचा मेटल बँड आहे आणि चायनाशिवाय माझं पान हलत नाही.

चायना म्हणजे जिची कड उलटी वळलेली असते ती. वाटीही गोल न ठेवता डब्यासारखी उभट करतात. बरेच जण ती पालथी टांगतात, म्हणजे काठी त्या वळलेल्या भागावर बसते. आवाज कसा? भंगारवाल्याचा गाडा गतिरोधकावरून गेल्यासारखा. तुम्ही हसाल, पण गिटारचा गोंगाट फाडून बाहेर यायला तोच लागतो. मूळ घराणं चीनचं, नाव तिथूनच.

स्प्लॅश म्हणजे क्रॅशचं शेंडेफळ. ६ ते १२ इंच. 'त्स' म्हणते आणि गप्प. उन्हाळ्यात तव्यावर पाणी शिंपडतात तसा आवाज. दोन हातांच्या चिमटीत मावणारी गोष्ट आहे, पण भाव बघून धडकी भरते.

शिवाय स्टॅक. दोन झांजा एकमेकींवर चढवून एकाच नटाखाली ठेवायच्या. आवाज कोरडा, जवळपास टाळीसारखा. त्यासाठी फुटक्या झांजाही चालतात, उलट जास्त चांगल्या. हळदपेठ काका, तुमचं ताट टाकू नका. मला द्या. 😀

नववीतल्या पोराला यातलं काही लागत नाही, हे मान्य.

हळदपेठ

सगळ्यांचे आभार. पेढीवरचा टेप घेऊन बसलो. जोडी १४ आणि १४, मध्यम १६, मोठी २०.

लिहिलेलं काही नाही. असेल तर आता नाही. सेट घरी आला तेव्हा झांजा हिरव्या-काळ्या पडलेल्या होत्या. आईनं देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासल्या, वर भांड्यांची पावडर. चकाचक झाल्या आहेत. आई खूश आहे. पोरगं अजून तिच्याशी बोलत नाही.

चकत्या नाहीत. मध्यम झांज नटानं घट्ट आवळलेली होती, हलत नव्हती. मला वाटलं हलू नये म्हणूनच नट असतो. आणि हो, त्याच झांजेच्या कडेला दीड इंचाची एक रेघ आहे, नख अडकतं. आणखी एक, जोडीतल्या दोन झांजा सारख्या वजनाच्या नाहीत. एक स्पष्ट जड आहे. जड वर लावलेली होती.

मागचीरांग

झालं! अर्धा आजार सापडला.

हॅटमध्ये बहुतेक करून जड झांज खाली असते, हलकी वर. वरची दांडीवरच्या पकडीत, म्हणजे क्लचमध्ये, अडकलेली असते आणि पायाबरोबर हलते, ती हलकी असली की पाय चटकन बोलतो. तुमची जोडी उलटी बसवली आहे. शिवाय खालची झांज ज्या बैठकीवर बसते तिथं एक छोटा स्क्रू असतो, त्यानं खालची किंचित कलती करता येते. ती सपाट ठेवली असणार. दोन्ही अगदी समांतर भेटल्या की मधे हवा कोंडते. तुमचं 'फुस्स' ते.

नट हा झांज पडू नये म्हणून असतो, हलू नये म्हणून नव्हे. झांज डोलली पाहिजे. आवळलेल्या झांजेवर मारलं की सगळा मार कडेवर बसतो, आणि मग तडा जातो. कऱ्हाडला एका गणेशोत्सवात माझी स्वतःची क्रॅश अशीच गेली. मंडपात जागा कमी म्हणून स्टँड उंच केला, झांज छातीसमोर उभी, मी सरळ समोरून घालतोय. तिसऱ्या गाण्याला कडेचा तुकडा उडून ढोलकीवाल्याच्या पायाशी. उरलेला कार्यक्रम हॅट आणि राइडवर काढला, आणि परतताना गाडीत ढोलकीवाला वाटभर ऐकवत होता.

मारताना काठी झांजेत घुसवायची नाही, कडेवरून घासून पुढं न्यायची. झांज थोडी तुमच्याकडं कललेली. एवढं चिरंजिवांना आजच सांगा.

घुमकं_कैताळ

ह्ये वाचून ऱ्हावलं न्हाई म्हणून लिवतो. मी जत तालुक्यातला. आमच्या गावात हलगी, घुमकं अन् कैताळ, म्हंजे हातातल्या झांजा. शाळा आठवीपतूर, पर कैताळ धाव्या वर्सापास्नं.

तुमी ज्ये हवा कोंडायचं सांगितलं, त्ये आमाला म्हाताऱ्यानं पयल्याच दिवशी शिकवलं. दोनी तोंडं समोरासमोर आपटायची न्हाईत. आपटली की आवाज मधीच मरतुया. एक जरा खाली, एक जरा वर, अन् घासून न्यायची. दोरी मुठीत गच्च आवळायची न्हाई, कैताळ हातात ढिलं पायजे. ढिलं असलं तरच गातं. म्हंजे तुमचा तो स्क्रू अन् चकती, ह्ये आमच्या मनगटातच हाय की!

झांजपथकातली पोरं बगा, शंभर-शंभर झांजा एकदम. एकाचा बी हात सपाट पडत न्हाई. पोराला एकदा आमच्याकडच्या जत्रंला आणा. हलगीवाल्याच्या शेजारी उभा करतो.

दुहेरीपेडल_साताराकर

> ढिलं असलं तरच गातं

हे मी खोलीच्या भिंतीवर लिहिणार आहे.

तप्तमूस

धातूबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी. कुपवाडच्या एका फाउंड्रीत नोकरी. ड्रम येत नाहीत, कासं येतं.

ड्रमसेटच्या झांजा प्रामुख्यानं तीन धातूंच्या. सगळ्यात स्वस्त पितळेच्या, म्हणजे तांबं आणि जस्त, साधारण ६२ आणि ३८. नव्या सेटबरोबर फुकटात येतात त्या बहुधा याच. मग बी-८ नावाचं कासं: तांबं ९२ टक्के, कथील ८. हे पत्र्याच्या रूपात मिळतं, पत्र्यातून गोल कापायचा, दाबून आकार द्यायचा. आणि तिसरं बी-२०: तांबं ८०, कथील २०.

हे बी-२० ओळखीचं वाटलं पाहिजे. आपल्याकडचं भांड्यांचं कासं म्हणजे तांबं साधारण ७८, कथील २२. उन्हाळ्यात आजी तूप लावून तळपाय घासायची ती काशाची वाटी आठवा. ती पालथी घालून बोटाच्या पेरावर तोला आणि नखानं टिचकी मारा. किती वेळ गाते बघा. स्टीलच्या वाटीला मारा. तुमचा क्रॅश आणि चांगला क्रॅश यांत फरक तोच. आता बहुतेक करून बांगड्यांशी जोडला गेलेला 'कासार' हा शब्दही मूळचा कांस्यकार.

मग सगळेच बी-२० का बनवत नाहीत? कारण इतकं कथील घातलं की थंड धातू काचेसारखा ठिसूळ होतो. हातोडी मारली की तुकडे. तो लाल तापवून लाटावा लागतो, परत तापवायचा, परत लाटायचा. शेवटी तापवून पाण्यात बुडवायचा. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, हे कासं उलट नरमतं, त्याला ठोके सोसतात. मग वाटी दाबायची, ठोकून आकार द्यायचा, लेथवर घेऊन ते बारीक चरे पाडायचे. कष्टाचे पैसे आहेत, नावाचे नुसते नाहीत.

नावावरून आठवलं. झिल्जियन ही कंपनी १६२३ पासूनची, इस्तंबूलची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सात वर्षं आधीची. अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराची. सुलतानाच्या लष्करी वाद्यवृंदासाठी त्याच्या झांजा जायच्या. 'झिल' म्हणजे झांज, 'जी' म्हणजे करणारा, 'यन' म्हणजे त्याचा वंशज. आपल्याकडं सतारमेकर आडनाव आहे ना, अगदी तसंच. १९२९ मध्ये कारखाना अमेरिकेत गेला. पुढं घरात वाटण्या झाल्या, धाकट्या भावानं कॅनडात १९८१ मध्ये सेबियन काढली, स्वतःच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून. भाऊबंदकी सगळीकडं सारखीच, पण इथं निदान दोन चांगले कारखाने तरी मिळाले.

बी-८ ला कमी लेखू नका मात्र. पाइस्ते या स्विस कंपनीची २००२ नावाची मालिका १९७१ पासून आहे, ती बी-८ चीच, आणि रॉकमधले मोठमोठे ड्रमर तीच वाजवत आले. नुसत्या टक्क्यांवरून झांज निवडणं म्हणजे नुसत्या जातीवरून आंबा निवडणं. पेटी उघडून वास घ्यावाच लागतो.

रंगावरून धातू ठरवू नका, घासलेल्या झांजेचा तर नाहीच. झांज वाटीच्या भोकात बोट घालून टांगा आणि कडेला पेरानं हलकं मारा. 'टण' होऊन एकच सूर राहिला आणि लगेच मेला तर पितळ. आवाज उलगडत गेला, आधी खालचा आणि मागून वरचा झगमगाट, तर कासं.

मागचीरांग

वा! पण तप्तमूस, तड्याचं काय? आम्ही तर रेघ जिथं संपते तिथं बारीक भोक पाडायचो. तडा तिथं अडतो.

तप्तमूस

अडतो, पण रेघेचं खरं टोक सापडलं तर. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढं तडा केसभर तरी गेलेला असतो. भोक दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढं पाडा, नाहीतर भोक एकीकडं आणि तडा दुसरीकडून पुढं. ड्रिल सावकाश चालवा. तापवू नका, धातूचा स्वभाव बदलतो.

मागचीरांग

आमची भोकं बरीच वर्षं टिकली हो.

तप्तमूस

टिकली असतील. मी न टिकलेली बघतो, कारण तीच माझ्याकडं वितळायला येतात.

शांतताप्रिय

विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये राहतो. वरच्या मजल्यावर असाच एक कलाकार आहे. धागाकर्त्यांना विनंती, पोराला इलेक्ट्रॉनिक सेट घेऊन द्या आणि हेडफोन. विषय संपला.

दुहेरीपेडल_साताराकर

रबराच्या पॅडवर हॅटचा अर्धा उघडा आवाज शिकता येत नाही हो. महागड्यांत थोडाफार येतो, स्वस्तात एकतर उघडं नाहीतर मिटलेलं. आणि काठी घासून न्यायची सवय तर लागतच नाही.

शांतताप्रिय

मला तुमच्या सवयीशी नाही, माझ्या झोपेशी मतलब आहे.

रविवारसकाळ

शांतताप्रिय काकांचं अगदीच चूक नाही, म्हणून मी मधे पडते. मी मिरजेत चर्चमध्ये ड्रम वाजवते, दर रविवारी. जागा लहान, छत उंच, पहिल्या बाकावर आजी-आजोबा. जोरात वाजवलं की प्रार्थनेनंतर माझीच शाळा घेतली जाते. त्यामुळं हळू वाजवणं शिकले, आणि हळू वाजवायला झांज चांगलीच लागते. वाईट झांज फक्त मोठ्यानं वाजते.

पातळ आणि जाड यातला फरक मी असा सांगेन. एकाच मापाची पातळ झांज कमी मारात उघडते, सूर खालचा लागतो, लवकर विरते. जाड झांजेला जोर लागतो, सूर वर असतो, रेंगाळते. दुकानात लोक ठोसा मारून बघतात आणि मोठ्यानं वाजेल ती उचलतात. काका, घरी वाजवायचं असेल तर पातळ घ्या. आणि क्रॅश एकदा मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी, कडेवर अगदी हळू, दोन्ही हातांनी घोळवत वाढवत नेऊन बघा. समुद्राची लाट येते. वहिनी बाहेर येतील, पण या वेळी ऐकायला.

भोकं-भोकं असलेल्या कमी आवाजाच्या झांजा मिळतात, सरावाला त्या बऱ्या. इलेक्ट्रॉनिकपेक्षा हाताला खऱ्या वाटतात.

एक गंमत सांगते. माझे शेजारी तानपुरे करतात. (आमच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, एवढं मिरवायची परवानगी असावी.) जवारी लावताना तारेखाली सुताचा दोरा कसा सरकवतात ते बघत होते. दोरा योग्य जागी आला की तार नुसती वाजत नाही, तिला झणकार येतो. झांजांमध्ये हेच करायला राइडला कडेजवळ भोकं पाडून सैल रिवेट घालतात. मारलं की त्या थरथरतात, मागं 'स्स्स्' अशी शेपूट राहते. तिला सिझल म्हणतात. भोकं पाडायची नसतील तर मण्यांची हलकी साखळी, बेसिनच्या बुचाला असते तसली, राइडवर नटाला अडकवून सोडून द्या. मी तेच करते. जवारीचा दोराच म्हणा.

खरेदीचा क्रम माझ्या मते: आधी चांगली हॅट. काठ्या सगळ्यात जास्त वेळ तिथंच असतात, सरावाचे ऐंशी टक्के ठोके तिथं पडतात (हा आकडा माझ्याच मनगटाचा, शास्त्र समजू नका). मग एक १८ इंची क्रॅश-राइड, जी दोन्हींचं काम जेमतेम का होईना भागवते. तुमची २० ची बरी असेल तर तीही नको. स्प्लॅश, चायना वाढदिवसाला.

आणि मळलेल्या झांजा घासू नका, आजींना नमस्कार सांगून कळवा. चिंचेनं धातूला मोठं काही होत नाही, पण पावडरीनं चऱ्यांच्या कडा झिजतात आणि छाप तर पहिल्याच हाताला जाते. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, चऱ्यांच्या दिशेनं. मळलेली झांज जरा दबल्या आवाजात बोलते. मला तशीच आवडते.

शांतताप्रिय

ही ताई वरच्या मजल्यावर राहायला आल्या तर माझी हरकत नाही.

हळदपेठ

मंडळी, उशिरा लिहितोय, सीझन चालू आहे.

केलेल्या गोष्टी. हॅटच्या झांजा उलटसुलट केल्या, जड खाली. स्क्रू गंजलेला होता, रॉकेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी फिरला. पहिल्याच दाबाला 'च्यॅक'. पोरगं स्टुलावरून उठलं आणि परत बसलं. नटाखाली लोकरीच्या चकत्या कुठून आणाव्यात कळेना, तर आईनं जुन्या घोंगडीतून कापून दिल्या. मधल्या दांडीवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवला, म्हणजे भोकाला लोखंड घासत नाही. खर्च शून्य.

रविवारी मिरजेला गेलो. मागच्या बाकावर बसलो. रविवारसकाळ ताईंनी प्रार्थनेनंतर पोराला स्टुलावर बसवलं आणि फक्त राइड वाजवायला लावली, दहा मिनिटं, काठीच्या टोकानं, इतकं हळू की बाहेरच्या रिक्षा ऐकू येत होत्या. घरी आल्यापासून तसंच वाजवायचा प्रयत्न चालू आहे. बायको अजून बाहेर येते, पण ओट्यावरचं काम उरकून.

टांगून मारायची परीक्षा केली. मोठी राइड कासं निघाली! आवाज थांबेपर्यंत मी अर्धा कप चहा प्यायलो. हॅट मधली, बहुतेक बी-८. ताट ते ताटच, पितळ. तप्तमूस साहेबांनी स्वतः येऊन रेघेच्या पुढं भोक पाडून दिलं, वरनं मागचीरांग काका "अजून जरा डावीकडं" म्हणत उभे. दोघं धाग्यावर भांडतात त्याच्या दुप्पट समोरासमोर भांडतात. भोक पाडूनही ती ताटासारखीच वाजते, आता फक्त पुढं फुटणार नाही. साताराकर, दिवाळीनंतर साताऱ्याला यायचं आहे, तेव्हा तुमच्या स्टॅकसाठी घेऊन येतो. बदल्यात एखादी जुनी पातळ १६ ची क्रॅश बघून ठेवा.

घुमकं_कैताळ भाऊ, जत्रेची तारीख कळवा. पोरगं रोज विचारतंय.

एकच नवी भानगड झालीय. तप्तमूस साहेबांचा मजकूर वाचून पोरानं आजीची काशाची वाटी पालथी घालून क्रॅशच्या स्टँडवर घोंगडीच्या चकतीवर ठेवली आणि काठीनं वाजवली. खरंच सुरेख वाजते, राइडच्या वाटीपेक्षा गोड. आता त्याला ती पडू नये म्हणून मधोमध भोक हवं आहे. आईनं वाटी ट्रंकेत कुलपात ठेवली आहे आणि किल्ली कुठं आहे ते मलाही सांगत नाही.